पाणी अडवलं, वाणही बदललं, तरी ज्वारी सुकतेच? या चुका टाळा

आधी माझीच चूक सांगतो. रब्बीला फुले वसुधा हा ज्वारीचा वाण पेरला होता, सगळे म्हणत होते कोरडवाहूत झकास येते, आणि ओढ्याकडच्या भारी रानात ती आलीही चांगली, पण माळाकडच्या तुकड्यात पोटरीतच, म्हणजे कणीस अजून पानांच्या आवरणात असतानाच, माना टाकायला लागली. बियाण्याला शिव्या देऊन झाल्या, मग टिकाव घेऊन खड्डा काढला तर जेमतेम फूटभरावर मुरूम! वाण बिचारं काय करणार, मुळं सोडायला जागाच नव्हती.

रब्बी ज्वारी मुरलेल्या ओलीवरच येते, पेरणीनंतर पावसाचा फारसा भरवसा नसतो. म्हणून राहुरी विद्यापीठाची शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणे आहे. ३० सेंमीपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माउली, ६० सेंमीपर्यंत मध्यमला फुले सुचित्रा किंवा आपली जुनी मालदांडी ३५-१, आणि त्याहून खोल असेल तर वसुधा, यशोदा. आपण काय करतो, दुकानात जाऊन "दुष्काळातलं बी द्या" म्हणतो. असं एकच बी नसतं हो. अनुराधा ओल संपायच्या आत दाणा भरून मोकळी होते, म्हणजे ती दुष्काळाला चुकवते, तर वसुधाला जास्त दिवस लागतात आणि तेवढे दिवस खाली ओल टिकायला लागते. तेव्हा पेरायच्या आधी शेतात चार ठिकाणी खड्डे काढून बघा, एकाच गटात दोन वाण लावायला लागले तर लावा, लाजायचं काय त्यात.

हरभऱ्यातही तीच गत. पुसा चिकपी १०२१६ हा २०१९ सालचा वाण, पुसा ३७२ मध्ये आयसीसी ४९५८ या दांडग्या मुळांच्या हरभऱ्याचा गुण मार्करच्या, म्हणजे डीएनएतल्या खुणांच्या, मदतीने आणलाय. काम भारी आहे, पण मुळं कितीही गुणी असली तरी खाली ओल पाहिजे ना! आणि ती वाणाच्या पिशवीतून येत नाही.

ती येते वरच्या माळावरून. इथं दुसरी चूक, जेसीबी नाल्यात उतरला की पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून मुरवायचं, काम झालं असं समजायचं. काम माथ्याकडून पायथ्याकडे यायला पाहिजे, वरचा डोंगर उघडाबोडका ठेवून खाली आधी सिमेंट बंधारा बांधला तर थोड्याच पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. नाला खोल करायच्या कामाचं तर विचारूच नका. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी बेसॉल्ट म्हणजे काळा कातळ, पाणी धरून ठेवतो तो वरचा झिजलेला मुरमाड थर आणि भेगा. तो थरच खरवडून कातळापर्यंत गेलात तर पाणी मुरायचं सोडून बाजूच्या विहिरींचंच पाणी नाल्यात उतरतं आणि उन्हात उडून जातं. फोटो मात्र छान येतो.

सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खोदलेले चर, बरोबर आहेत का हे तपासायला इंजिनीअर लागत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर चर बघून या. पाणी एका टोकाला तुंबलंय आणि दुसरं टोक कोरडं, म्हणजे आखणी नजरेच्या अंदाजानं झालीय. पुन्हा सगळं खोदायची गरज नाही, चरात मधे मधे मातीचे आडवे बांध ठेवा म्हणजे पाणी जागच्या जागी थांबतं. पुढच्या वेळी समपातळी आखायला ए-फ्रेम वापरा, तीन काठ्या, एक दोरी, एक दगड, झालं.

आणि स्वतःचं शेत विसरू नका राव! १ मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, म्हणजे २५ मिमीची एक सर अडीच लाख लिटर टाकून जाते. पावसाळ्यातच उताराला आडवे सारे, म्हणजे मातीचे छोटे वरंबे, पाडून वाफे केले तर त्यातलं बरंचसं तिथंच मुरतं. शेततळ्याचं म्हणाल तर पावसाच्या पाण्यानं भरा, बोअरनं उपसून प्लास्टिकच्या तळ्यात ठेवणं म्हणजे जमिनीतलं पाणी उन्हात वाळत घालणं.

माझ्या मते सगळ्यात महाग चूक पाणी आल्यावर होते. विहिरींची पातळी वाढली की नवे बोअर, मग ऊस, आणि काही वर्षांत परत टँकर. नायगावच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंखेंनी पाणी जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर वाटलं आणि ऊस बंद ठेवला. हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर चालत नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती आलं आणि किती लागणार याचा हिशोब, मांडून पिकं ठरतात. गावात यावरून भांडणं होणार, होऊ द्या, पण हे ठरल्याशिवाय खोदकामाला पैसा घालू नका.

बियाण्याचं एक राहिलं. हायब्रीड बाजरीचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरू नका, पीक एकसारखं येत नाही आणि उताराही घटतो.

यंदा ज्वारीची पेरणी झालीच असेल तर निदान कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवणं, चुकवू नका. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात एकेक आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. विहिरीत एकच पाणी देण्याइतकं असेल तर पीक सुकायची वाट न बघता ५० ते ५५ दिवसांनी, पोटरीत असताना द्या.