नॉन-लीगचा मोसम पाहायचा तर वेळापत्रक कच्चं धरा

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या ईएफएलचे (इंग्लिश फुटबॉल लीग) मिळून ९२ क्लब सोडले की खाली उरतं ते सगळं नॉन-लीग. सर्वांत वरची पायरी नॅशनल लीग, दुसरी नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ, तिसरीचे चार विभाग, आणि पुढे फाटे वाढतच जातात. शिकायला-नोकरीला तिकडे गेला असाल तर घराजवळचा तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा एक क्लब धरा. तिकीट बहुतेक ठिकाणी फाटकावरच मिळतं. दोन्हीकडच्या प्रेक्षकांना वेगळं केलेलं नसेल, तर हाफटाइमला चालत पलीकडच्या गोलमागे जाऊन उभं राहता येतं. फुटबॉल इतक्या जवळून वर कुठे दिसत नाही.

तिसऱ्या पायरीवर एका विभागात २२ संघ, म्हणजे ४२ सामने, त्यातले २१ घरच्या मैदानावर. बरेचसे शनिवारी दुपारी ३ ला. पण या तारखा हलतात.

त्या हलतात आधी कपमुळे. एफए कप ही लहानमोठ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा; तिच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टपासून शनिवारीच येतात. आपला क्लब जिंकत राहिला की त्या दिवशीचा लीग सामना मंगळवारी रात्री जातो. म्हणून कपच्या तारखा कॅलेंडरवर आधी मांडा आणि त्या शनिवारांसाठी रेल्वेची पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका. पात्रता फेऱ्या मात्र चुकवू नका. २०२४ मध्ये नॅशनल लीग साउथच्या मेडस्टोन युनायटेडने ईएफएलमधल्या इप्सविचला हरवून पाचवी फेरी गाठली, ती तिथूनच चढत चढत.

मग पाऊस आणि दंव. मैदानात पाणी साचलं की चेंडू घरंगळत नाही, जागीच रुततो. जमीन गोठली की खेळाडूंना दुखापतीचा धोका. अशा दिवशी सकाळी मैदानाची पाहणी होते, कधी दुपारी पुन्हा. घरातून निघताना क्लबचं सोशल मीडिया खातं बघा, गाडी बदलताना परत बघा. जानेवारीसाठी कृत्रिम गवताचं मैदान असलेला दुसरा एखादा क्लब हेरून ठेवा; तिथे पावसाने सामना क्वचितच बुडतो. (ईएफएलमध्ये असं मैदान चालत नाही. २०२१ मध्ये वर गेलेल्या सटन युनायटेडला ते काढावं लागलं.)

मंगळवारचा सामना साधारण ७:४५ ला सुरू होऊन साडेनऊनंतर संपतो, तेव्हा परतीची शेवटची गाडी आधीच पाहून ठेवा. बूट जाड तळव्याचे हवेत. काँक्रीटवर दोन तास उभं राहिलं की थंडी पायांतून वर चढते, नुसत्या जाड जाकिटाने भागत नाही.

बुडालेले सामने एप्रिलमध्ये दाटीवाटीने उरकतात: शनिवार, मंगळवार, कधी गुरुवारही. नोकरी सांभाळून खेळणारे खेळाडू तेव्हा थकतात आणि वरचे संघही गडगडतात. म्हणून गुणतक्त्यात आधी खेळलेले सामने बघा, मग गुण. विजेता थेट वर जातो. दुसऱ्या ते पाचव्या क्रमांकाचे संघ वर जायच्या आणखी एका जागेसाठी प्लेऑफ खेळतात, एकेकच सामना, तोही वरच्या क्रमांकाच्या घरी. तेव्हा आपला क्लब दुसरा किंवा तिसरा असेल, तर एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा मोकळा ठेवा आणि या एका सामन्याचं तिकीट मात्र फाटकावर न सोडता आधीच घ्या.