आधी यादीत नाव, मग मत

मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मत देता येणारच, या गैरसमजापायी दर निवडणुकीत कितीतरी जण केंद्रावरून हात हलवत परततात. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. ओळखपत्रावरून फक्त तुमची ओळख पटते.

नवीन मतदाराने नमुना ६ हा अर्ज भरायचा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै किंवा १ ऑक्टोबर, यांपैकी ज्या तारखेला १८ पूर्ण झालेली असतील तिला तुम्ही पात्र ठरता. १७ पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, तो करूनच टाका. अर्ज निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे), विनामूल्य. फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा (आधार दोन्हीला चालतं) आणि घरातल्या एखाद्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक हाताशी ठेवा.

पोर्टलवर नाव इंग्रजीत टाइप केलं की मराठी रकाना आपोआप भरला जातो, आणि घोळ तिथेच होतो. 'काळे'चं 'काले' होतं, 'बाणे'चं 'बाने'. अर्ज पाठवण्याआधी एकेक अक्षर वाचा. नंतर दुरुस्तीला नमुना ८ भरावा लागतो. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. बीएलओ पडताळणीला येईल तेव्हा घराला कुलूप असलं तर अर्ज रखडू शकतो, म्हणून घरच्यांना सांगून ठेवा. वसतिगृहात राहत असाल तर तिथे किंवा गावी, एकाच ठिकाणी नाव ठेवा.

मतदानाआधी यादीत नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पाहून घ्या. घरी येणारी मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ओळखपत्र, आधार, पॅन किंवा पासपोर्ट असं काहीतरी जवळ हवंच.

लोकसभा-विधानसभेला केंद्रात पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो. दुसऱ्याकडे डाव्या तर्जनीला शाई, नोंदवहीत सही आणि चिठ्ठी. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. हिरवा दिवा लागल्यावरच उमेदवारासमोरचं निळं बटण दाबा. लाल दिवा लागेल, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसेल. घाईने वळू नका, नाव आणि चिन्ह वाचा. लांब बीप वाजला की मत नोंदलं गेलं.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते, आणि तो तुमचा हक्क आहे.