निळ्या चिकाची अळंबी कुठे शोधावी आणि कशी ओळखावी

लॅक्टेरियस इंडिगो ही टोपीपासून देठापर्यंत निळी असणारी अळंबी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, मेक्सिकोत आणि ग्वाटेमालात आढळते. अमेरिकेत तिचा हंगाम साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर असतो, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी पाऊस पडून गेल्यावर तिच्या शोधात जरूर निघावे. सुरुवात मात्र झाडांपासून करावी. ओक आणि पाइन यांच्या मुळांशी या बुरशीच्या तंतूंचे सहजीवन असते. तंतू झाडाला पाणी व क्षार मिळवून देतात आणि झाडाकडून साखर घेतात. म्हणूनच ती अशा झाडांखालच्या जमिनीतून, पालापाचोळा सारून वर येते. कुजक्या ओंडक्यावर वाढलेली निळसर अळंबी ही वेगळी जात समजावी.

टोपी ५ ते १५ सेंटिमीटर रुंद असते. कोवळेपणी तिची कडा आत वळलेली असते, पुढे मध्यभाग खोलगट होऊन तिला नरसाळ्यासारखा आकार येतो. टोपीवर गडद व फिकट निळी वर्तुळे एकात एक दिसतात. केवळ रंगावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण जून झालेली अळंबी राखाडी पडते आणि दुखावलेल्या जागी हिरवे डाग धरते.

खरी खूण तिच्या चिकात आहे. ताजी अळंबी उलटी धरून टोपीखालच्या पात्यांसारख्या दाट कल्ल्यांना चाकूच्या टोकाने हलकी चीर द्यावी. गडद निळा चीक पाझरला आणि हवा लागून सावकाश हिरवा होऊ लागला, तर ओळख जवळजवळ पक्की झाली. सुकलेल्या अळंबीत चीक उरत नाही. अशा वेळी आसपासची कोवळी अळंबी तपासावी. याच रानांत उगवणारी लॅक्टेरियस पॅरॅडॉक्सस वरून रुपेरी निळी दिसते, पण तिचा चीक लालसर तपकिरी असतो. जांभळट निळ्या कॉर्टिनॅरियस जातींना चीक नसतोच. कोवळेपणी त्यांच्या कल्ल्यांवर कोळिष्टकासारखा पडदा असतो आणि त्यांच्या बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून गळणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा गंजाच्या रंगाचा उमटतो.

हा ठसा घरी घेता येतो. देठ कापून टोपी कल्ल्यांच्या बाजूने अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवावी. लॅक्टेरियस इंडिगोचा ठसा मलईच्या रंगाचा ते पिवळसर असतो. मेक्सिकोच्या बाजारांत ही अळंबी खाण्यासाठी विकली जाते, तरीही स्थानिक जाणकाराने प्रत्यक्ष पाहून खात्री दिल्याशिवाय रानातून आणलेली अळंबी शिजवू नये.