पीयूसी, प्रीमियम पेट्रोल आणि टर्बो गाडी: गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

टर्बो पेट्रोल गाडीवालं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "पीयूसीला न्यायच्या आधी महागाचं पेट्रोल टाकू का? रीडिंग चांगलं येईल." कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवीन शिकायला आलेल्या पोरांनाही हे पटतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: पैसे वाचवा, त्याऐवजी गाडी नीट तापवून न्या.

पीयूसीत गाडी जागेवर उभी असते. आयडलला धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळालेलं इंधन) बघतात. बीएस-4 पासूनच्या पेट्रोल गाड्यांना मर्यादा सीओ 0.3 टक्के, एचसी 200 पीपीएम. मग 2500 आरपीएमच्या आसपास धरून सीओ 0.2 टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, 1 म्हणजे अचूक) 0.97 ते 1.03 लागतो. न्यूट्रलमध्ये इंजिनावर भारच नाही, त्यामुळे टर्बो बूस्ट (दाबून भरलेली जादा हवा) जवळपास देत नाही. सिलिंडरमध्ये दाब कमी, म्हणून नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी खडखड) नाही, आणि नॉकिंग नसेल तर महागाच्या पेट्रोलातल्या जास्त ऑक्टेनला तिथे कामच नाही. ऑक्टेन ही पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप पेट न घेण्याचा गुण आहे. तेव्हा गाडी नापास झाली तर थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग), थकलेला ऑक्सिजन सेन्सर, मिसफायर, सायलेन्सरची गळती हे आधी बघा. कन्व्हर्टर साधारण 250 ते 300 अंशांना काम करू लागतो. घरातून काढून थेट रांगेत लावलेली गाडी त्याला तेवढी तापू देत नाही. कावळा नाक्यावरून शिरोलीपर्यंत एक फेरी मारा, मग प्रोब घाला.

मग ऑक्टेनचा परिणाम दिसतो कुठे? साखरप्याहून आंबा घाट चढताना, चार माणसं, एसी चालू, स्कॅनर लावलेला. मला हा धंदा खरा कळला तो अशा लाइव्ह डेटावर. नॉक सेन्सरला खडखड ऐकू आली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. गंमत अशी, की उशिरा पेटवल्याने एनओएक्स (नायट्रोजन ऑक्साइड) कमी होतो आणि एचसीही उतरू शकतो. पण ज्वलन लांबल्याने एक्झॉस्ट तापतो. टर्बाइन आणि कन्व्हर्टर जळू नयेत म्हणून पुष्कळशा गाड्यांत ईसीयू जास्तीचं पेट्रोल सोडतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) झालं की कन्व्हर्टरला ऑक्सिजन पुरत नाही, सीओ सरळ बाहेर पडतो, ॲव्हरेजही घसरतो. पीयूसीच्या मशीनला यातलं काहीच दिसत नाही. पेट्रोल गाडीचा एनओएक्स तर ती मोजतही नाही. एप्रिल 2023 पासूनच्या बीएस-6 दुसऱ्या टप्प्यात कंपन्यांना खऱ्या रस्त्यावर उत्सर्जन मोजावं लागतं, ते याच कारणाने.

टाकीच्या झाकणाआत किंवा मॅन्युअलमध्ये ऑक्टेनचा किमान आकडा लिहिलेला असतो. 91 चालतं म्हटलं असेल तर गाडी त्यावर चालते. 95 मागत असेल तर तेच भरायला सांगा. यूट्यूबवर अमेरिकेतला मिस्त्री "87" म्हणतो ते ऐकून घाबरू नका, त्यांची मोजणी वेगळी आहे. तिकडचं 87 आपल्या 91-92 च्या आसपास येतं.

आपल्या जिल्ह्यात तर उसापासूनच इथेनॉल निघतं, आणि आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. सरकारी माहितीप्रमाणे त्याचं ऑक्टेन 95 पर्यंत गेलंय. इथेनॉलला हवा कमी लागते: एक किलो शुद्ध पेट्रोलला 14.7 किलो, तर ई20 ला साधारण 13.5 किलो. त्यामुळे ई10 साठी जुळवलेल्या गाडीत लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू कायम किती जादा पेट्रोल सोडतोय तो आकडा) चारेक टक्के वर दिसला तर लगेच व्हॅक्युम लीक (इंजिनात चोरून शिरणारी हवा) शोधायला बसू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. कमी आरपीएमवर टॉप गिअरमध्ये दाबून पळवल्यावर थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात एकदम 'ठक' असा जबर आवाज येतो, तो बहुतेकदा साध्या नॉकिंगचा नसतो. एलएसपीआय म्हणतात त्याला, म्हणजे कमी वेगात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणं. त्यावर जास्त ऑक्टेनचा फार उपयोग होत नाही. तिथे इंजिन ऑइल महत्त्वाचं. जास्त कॅल्शियमचं ऑइल त्रास वाढवतं, म्हणून मॅन्युअल बघून एपीआय एसपी दर्जाचं घाला. गिऱ्हाईक पेट्रोलचं विचारत असलं तरी आधी ऑइलचा डबा कुठला वापरला ते विचारून घ्या.