मरीन टँकसाठी २६ अंश: मासे आणण्याआधीची तयारी

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, घ्यायचं ठरलं की आधी काचेचा नाही, खोलीचा विचार करा. टँक जिथे ठेवणार तिथे आठवडाभर थर्मामीटर टांगा आणि पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास आकडा लिहून ठेवा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल तर जागाच बदला. हा उपाय फुकटातला आहे, पुढचे सगळे खर्चाचे.

मग आकडा ठरवा. क्लाउनफिश, डॅमसेल या माशांना आणि मऊ प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवतं. मी २६ धरतो. लक्षद्वीपचं पाणी वर्षातला बराच काळ २८च्या आसपास असतं, मग आपणच का गार करत बसायचं, असं विचारतात. कारण समुद्र एका दुपारीत तापत नाही, २०० लिटरचा टँक तापतो. २८ वर चालवलात आणि मे महिन्यात चार तास वीज गेली तर हाताशी अंतरच उरत नाही. प्रवाळ पांढरे पडू लागतात. शिवाय खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जेमतेम ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ६.२, आणि नेमकं तेव्हाच माशांना तो जास्त लागतो.

टँकमधल्या थर्मामीटरवर लगेच विश्वास नको. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ढवळून डिजिटल थर्मामीटरचा प्रोब त्यात बुडवा. शून्य दाखवलं पाहिजे. माझा एक थर्मामीटर दीड अंशाने चुकत होता आणि मी महिनाभर चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, दोष देत होतो.

थंडाव्यासाठी आधी पंखा. १०० लिटरमधलं एक लिटर पाणी उडालं तर पाच-सहा अंश उतरतील इतकी उष्णता ते घेऊन जातं, अर्थात खोली ती परत देत राहते. पुण्यात, नागपुरात कोरड्या उन्हाळ्यात पंखा छान काम करतो. मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे चिलरचे पैसे बाजूला काढून ठेवा. चिलर टँकखालच्या बंद कपाटात ठेवू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे.

हीटर मुंबईत क्वचितच लागतो, पण नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात हवाच. एका मोठ्याऐवजी दोन लहान लावा आणि दोन्ही वेगळ्या कंट्रोलरवर (तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या उपकरणावर) ठेवा. हीटर बिघडतो तेव्हा बहुधा चालूच राहतो. एक मोठा असेल तर सकाळी सूप मिळतं.

पाणी बदलायला वेगळ्या बादलीत मीठ कालवाल, ते पाणीही टँकइतक्याच तापमानाला आणा, मगच खारटपणा मोजा. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि फ्रीझरमध्ये गोठवलेल्या दोन-चार बंद बाटल्या तयार असू द्या. वीज गेली की एकेक बाटली तरंगवायची. सगळ्या एकदम टाकून तीन अंशांची घसरगुंडी करायची नाही.

सगळं जमलं की मासे न घालता पंप-दिवे चालू ठेवून आठवडाभर टँक चालवा. पंप आणि दिवे स्वतःही पाणी तापवतात, हे तेव्हाच कळतं. दुपारचा आकडा २७च्या वर जात असेल तर मासे अजून दुकानातच राहू देत.