गाडीत वायफाय घेताना: खर्चाचा हिशेब आणि सुरक्षिततेची काळजी

गाडीत इंटरनेट घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी दर विचारतात. त्याआधी आपल्याला इंटरनेट कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या रस्त्यावर लागणार आहे, हे ठरवावे. पुणे-बंगळूर महामार्गाने दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या उद्योजकाची गरज वेगळी, आणि एखाद्या रविवारी गगनबावड्यावरून कोकणात उतरणाऱ्या राजारामपुरीतल्या कुटुंबाची वेगळी. दोघांनी एकच उपकरण घेतले, तर त्यांपैकी एकाचे पैसे नक्की वाया जातात.

शोरूममध्ये 'गाडीत वायफाय आहे' असे सांगितले जाते तेव्हा त्याचा अर्थ नीट विचारून घ्यावा, कारण या एका वाक्यात निरनिराळ्या सोयी येतात. फोन वायरशिवाय गाडीच्या स्क्रीनला जोडता येतो. त्या जोडणीसाठी वायफाय वापरले जाते हे खरे, पण इंटरनेट येते ते आपल्याच फोनच्या सिममधून. काही गाड्यांत कंपनीने आतच ई-सिम, म्हणजे गाडीत कायमचे जोडलेले सिम, बसवलेले असते. गाडी कुठे उभी आहे ते पाहणे, घरबसल्या दार लॉक करणे, अपघातात मदत मागणे अशी कामे त्यावर चालतात. मात्र मागच्या सीटवरच्या मुलांना त्यातून हॉटस्पॉट मिळेलच असे नाही. तिसरा मार्ग म्हणजे सिम घालून चालणारे वेगळे हॉटस्पॉट उपकरण, आणि चौथा म्हणजे खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट. विक्रेत्याला प्रश्न असा विचारावा: "या गाडीतून मागे बसलेल्या दोघांच्या मोबाईलला नेट मिळणार का, आणि मिळणार असेल तर त्याचा रिचार्ज कोणी करायचा?" याचे उत्तर लेखी मिळाले, तर पुढचे बरेच वाद टळतात.

आता खर्चाकडे वळू. ई-सिमवरच्या सेवा सुरुवातीची काही वर्षे मोफत असतात. भारतात २०१९ मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूबरोबर ब्लूलिंक ही ई-सिमवर चालणारी सेवा तीन वर्षे मोफत होती, आणि त्यानंतर इतर कंपन्यांनीही हाच रिवाज ठेवला. आपल्याकडे गाडी सात-आठ वर्षे सहज वापरली जाते. म्हणून मोफत मुदत संपल्यावर वर्षाला किती भरावे लागेल, आणि न भरल्यास नेमकी कोणती सोय बंद होईल, हे बुकिंगच्या वेळीच विचारावे. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्या सेवेचा नूतनीकरणाचा दर विक्रेता सांगू शकत नाही, तिच्यासाठी गाडीचे महागडे मॉडेल घेऊ नये.

वेगळे हॉटस्पॉट उपकरण घेतले तर त्याच्या किमतीपेक्षा रिचार्जच अधिक भारी पडतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओची २८ दिवसांची, रोज दीड जीबी देणारी योजना २९९ रुपयांची झाली. अशा योजनेवर वर्षभर सिम चालू ठेवायचे, तर १३ रिचार्जचे ३,८८७ रुपये होतात, आणि गाडी महिनाभर दारात उभी राहिली तरी ते चुकत नाहीत. दर बदलत राहतात, म्हणून घेण्याच्या दिवशीचा दर धरून हाच गुणाकार स्वतः करून पाहावा. घरातल्या कोणाच्या तरी फोनवर रोजचा डेटा शिल्लक राहत असेल, तर त्याच फोनचा हॉटस्पॉट वापरणे सर्वांत स्वस्त पडते. वेगळे उपकरण घ्यावे ते रोज प्रवासी वाहणाऱ्या टुरिस्ट गाडीसाठी, किंवा गाडीत बसून लॅपटॉपवर नियमित काम करणाऱ्याने.

डेटा किती लागतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. चांगल्या दर्जाची, म्हणजे ३२० केबीपीएसची, गाणी तासाला सुमारे १४४ एमबी घेतात आणि नकाशा त्याहून कितीतरी कमी घेतो. खरा खर्च व्हिडिओचा. नेटफ्लिक्सच्या हिशेबानुसार साध्या दर्जाच्या व्हिडिओला तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. कोल्हापूर ते पुणे हा साधारण चार तासांचा प्रवास आहे. तेवढा वेळ दोन मुलांनी आपापल्या मोबाईलवर एचडी चित्रपट पाहिले, तर २४ जीबीपर्यंत डेटा उडू शकतो. रोज दीड जीबीची योजना असेल, तर गाडी कराडला पोहोचण्याआधीच तो संपेल आणि पुढे वेग ६४ केबीपीएसवर येईल. एवढ्या वेगात साधा फोटोसुद्धा रखडत उघडतो. यावर उपाय सोपा आहे: आदल्या रात्री घरच्या वायफायवर चित्रपट उतरवून घ्यावेत आणि मोबाईलच्या स्क्रीनसाठी साधा दर्जा निवडावा. फाइव्ह-जीवर अमर्याद डेटा देणाऱ्या योजना आहेत, पण फोन फोर-जीवर उतरला की रोजची मर्यादा पुन्हा लागू होते, आणि शहराबाहेर तो वारंवार उतरतो.

कोल्हापूरकरांनी घाटांचा विचार विशेष करावा. करूळ, फोंडा, आंबा, आंबोली यांपैकी कोणत्याही घाटात वळणावळणाला रेंज जाते, आणि महागडे उपकरण लावून ती येत नाही, कारण उपकरणही त्याच टॉवरवर अवलंबून असते. उपयोग होतो तो वेगळ्या कंपनीचे सिम घेतल्याचा. फोनमध्ये एका कंपनीचे सिम असेल तर हॉटस्पॉटमध्ये दुसरीचे घालावे, आणि आपल्या नेहमीच्या रस्त्यावर कोणती कंपनी कुठपर्यंत चालते हे शेजारी बसलेल्याला एकदा टिपून ठेवायला सांगावे. रेंज वाढवणारा बूस्टर मात्र कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा बूस्टर बाळगणे आणि वापरणे बेकायदेशीर आहे, शिवाय त्यामुळे आसपासच्या लोकांच्या फोनच्या सेवेत अडथळा येतो.

घाटात नकाशा का बंद पडतो हेही समजून घ्यावे. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहांकडून कळते, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणायला. म्हणून रेंज गेली की निळा ठिपका पुढे सरकत राहतो आणि भोवतीचे चौकोन कोरे दिसतात. निघण्याआधी गुगल मॅप्समध्ये कोल्हापूरपासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीपर्यंतचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवला, की ही अडचण राहत नाही. रस्त्यावरच्या कोंडीची ताजी माहिती तेवढी मिळणार नाही.

सुरक्षिततेची पहिली बाजू म्हणजे चालवणाऱ्याचे लक्ष, आणि तिला मी हॅकिंगच्याही वर ठेवतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पाच सेकंदांत सुमारे ८३ मीटर पुढे जाते, आणि हॉटस्पॉटचा पासवर्ड सांगायला किंवा तुटलेली जोडणी पुन्हा जोडायला पाच सेकंद सहज लागतात. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातातला मोबाईल वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी रस्ता पाहण्यापुरता असा वापर करण्याची मुभा दिली आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून हॉटस्पॉट गाडी सुरू करण्यापूर्वी चालू करावा, आणि वाटेत काही बिघडले तर ते शेजारच्याने पाहावे किंवा गाडी बाजूला घेऊन पाहावे.

दुसरी बाजू जोडणीची. नव्या उपकरणाचे किंवा फोनच्या हॉटस्पॉटचे नाव बहुधा मालकाच्या नावाने किंवा मॉडेलच्या नावाने आलेले असते, आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसते. ते बदलून ज्यातून आपली ओळख लागणार नाही असे नाव द्यावे. सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए-३ असेल तर तो, नसेल तर डब्ल्यूपीए-२ निवडावा. जुना डब्ल्यूईपी कधीही निवडू नये. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा. एमएच ०९ ने सुरू होणारा आपल्याच गाडीचा नंबर पासवर्ड म्हणून ठेवण्याची सवय अनेकांना आहे, आणि तो तर मागच्या गाडीतला माणूस वाचत असतो. हॉटस्पॉट उपकरणाच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड निराळा असतो. कारखान्यातून आलेला तो पासवर्ड उपकरणावर किंवा खोक्यावर छापलेला असतो, त्यामुळे तोही पहिल्याच दिवशी बदलावा. उपकरणातले सिम स्वतःच्या नावावरच असावे, कारण त्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले तर आधी विचारणा सिमधारकाकडे होते. आपल्या नावावर किती सिम आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते, आणि उपकरण चोरीला गेले तर त्याचा आयएमईआय, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, तेथेच बंद करवता येतो. महामार्गावरच्या हॉटेलातले मोफत वायफाय यूपीआयसाठी वापरू नये. पैसे पाठवताना मोबाईल डेटावर यावे.

गाडीत बाहेरून शिरकाव होतो का, हा प्रश्न लोक गांभीर्याने विचारतात आणि तो योग्य आहे. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी मोबाईल नेटवर्कमार्फत दुरून एका जीप चेरोकीच्या यंत्रणेत शिरून चालत्या गाडीचे ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा, निकामी करून दाखवले, आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतला बिघाड तपासण्यासाठी यंत्र जोडतात त्या जागी) लावलेल्या एका छोट्या उपकरणाला एसएमएस पाठवून कॉर्वेट गाडीचे ब्रेक ताब्यात घेतले. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे, कारण गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारी स्वस्त ओबीडी उपकरणे आज कोणीही ऑनलाइन मागवतो, आणि त्यांतली कित्येक तर पासवर्डशिवाय वायफाय सोडतात. असे उपकरण काम झाल्यावर लगेच काढून ठेवावे. ते लावून गाडी चालवण्याची काही गरज नसते. सर्व्हिसिंगला गाडी देताना सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का ते विचारावे आणि केल्याची नोंद जॉबकार्डवर घ्यावी.

उन्हाळ्यात बॅटरीवर चालणारे उपकरण बंद गाडीत सोडू नये. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीचे तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वाढते, आणि रंकाळ्यावर एप्रिलच्या दुपारी उभ्या गाडीत लिथियम बॅटरी फुगण्यास तेवढे पुरते. काही गाड्यांत चार्जिंगचे सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहते. तसे असेल तर उपकरण उपसून ठेवावे, अन्यथा लग्नकार्याला आठ दिवस उभी राहिलेली गाडी स्टार्ट होणार नाही.

शेवटी जुन्या गाडीविषयी. सेकंडहँड गाडी पाहायला गेल्यावर तिच्या स्क्रीनवरची जोडलेल्या फोनची यादी उघडून पाहावी. आधीच्या मालकाचे, त्याच्या पत्नीचे, ड्रायव्हरचे असे तीन-चार फोन तिथे अनेकदा तसेच असतात, आणि सोबत त्यांचे कॉन्टॅक्ट, घरचा पत्ता, नेहमीची ठिकाणेही. गाडी विकताना ही यादी पुसावी, स्क्रीन फॅक्टरी रीसेट करावी, कंपनीच्या अॅपमधून गाडी काढून टाकावी आणि आपले सिम व उपकरण काढून घ्यावे. विकत घेणाऱ्याने तर अधिक सावध राहावे, कारण जुन्या मालकाच्या अॅपमध्ये गाडी राहिली असेल तर ती कुठे आहे हे त्याला दिसत राहते आणि काही गाड्यांत दारेही उघडता येतात. आरसी बुकावर आपले नाव चढले म्हणून अॅपमधले नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी आरसी आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला अर्ज द्यावा, आणि जुन्या मालकाचे खाते काढल्याची खात्री तिथेच, त्यांच्या संगणकावर पाहून करून घ्यावी.