टॉवेलच्या एका बिलावरून वित्तशास्त्र शिकवताना

सोलापुरात एम.कॉम.च्या वर्गाला खेळते भांडवल (धंद्याच्या रोजच्या खर्चात फिरणारा पैसा) शिकवायचे असेल, तर आरंभ सूत्रापासून न करता अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल कारखान्याच्या तीन महिन्यांच्या बिलांपासून करावा. त्यासाठी कारखानदाराची लेखी संमती घ्यावी आणि नावे, जीएसटी क्रमांक व खाते क्रमांक झाकूनच कागद वर्गात आणावेत; ही शिस्त हासुद्धा धड्याचाच भाग आहे.

पहिल्या तासाला विद्यार्थ्यांकडून सूतखरेदीची बिले आणि जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून खरेदीदारासाठी आपोआप तयार होणारे जीएसटीचे विवरण) एक्सेलमध्ये ओळीला ओळ लावून जुळवून घ्यावे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या सूत व्यापाऱ्याने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे आपल्या विक्रीचे विवरणपत्र, भरले नाही, तर त्याचे बिल १४ तारखेला तयार होणाऱ्या २बीमध्ये येत नाही, परिणामी त्या महिन्यात त्या बिलावर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि २० तारखेपर्यंत तेवढी रक्कम कारखानदाराला रोखीने भरावी लागते. दुसऱ्याच्या दिरंगाईने आपली रोकड कशी अडकते, हे न जुळलेल्या त्या एका ओळीवरून मुलांना जितके नेमके उमगते, तितके माझ्या कोणत्याही व्याख्यानातून उमगलेले नाही. म्हणून येथे घाई करू नये. दोन तास लागले तरी चालतील.

पुढे उधारीकडे वळावे. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे, करारात जास्त मुदत असली तरी, खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागतात. विक्रेत्याला तेवढे दिवसही थांबणे परवडत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर, खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात. ४ लाख रुपयांचे बिल, ४५ दिवस आणि वार्षिक ९ टक्के दर गृहीत धरल्यास वटाव, म्हणजे आगाऊ पैशांसाठी बँक कापून घेते ती रक्कम, सुमारे ४,४३८ रुपये होतो. मंचाचे शुल्क वेगळे. पुढे खरेदीदाराने पैसे बुडवले, तरी बँक विक्रेत्याकडे वसुलीला येत नाही. कॅश क्रेडिटशी (मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलता येणाऱ्या बँक कर्जाशी) तुलना करताना या संरक्षणाची किंमत विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावी.

यूपीआयवर एका तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये, कारण वापर मुलांना आपल्यापेक्षा चांगला येतो. खातेउताऱ्यातील यूपीआय जमा कोणत्या बिलापोटी आली, एवढेच शोधायला लावावे.

परीक्षेत व्याख्या विचारू नयेत. प्रत्येकाने आपली जुळवणी उघडून, कारखानदाराने या महिन्यात सूत रोखीने घ्यावे की उधारीवर, याचे उत्तर आकड्यांनिशी तोंडी द्यावे, आणि शक्य असेल तर ते ऐकायला त्या कारखानदारालाच बोलवावे.